धाकट्या वाडीची विहीर

वेणीमाधव कोर्टीकर आमच्या हायस्कुलात सायन्स शिकवत आणि मी ड्रॉइंग. ते मूळचे माढ्याचे. बी.एस्सी. झाले त्याच वर्षी वडील वारले, घरात दोन बहिणी लग्नाच्या, म्हणून पुढचे शिक्षण सोडून सोलापुरात मास्तरकी धरली. शिकवत चांगले. पण मन त्यात नव्हते. शिक्षकांच्या खोलीत युनिव्हर्सिटीकडून पत्रके येत: अमक्या विषयावर व्याख्यानमाला, तमक्या निधीतून संशोधनास साहाय्य, अर्जाची शेवटची तारीख ही. आम्ही बाकीचे त्या कागदावर भजी खात असू. कोर्टीकर तो कागद घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत.

चार वर्षांत त्यांनी चार अर्ज केले आणि चारही परत आले. कारण प्रत्येक वेळी एकच. अर्जदार कोणत्याही कॉलेजात नाही. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणत, "काय कोर्टीकर, यंदा कशाचा शोध?" आणि लोक हसत. हसणाऱ्यांत मीही असे.

पाचवा विषय मात्र त्यांना शोधावा लागला नाही. १९२८ च्या उन्हाळ्यात शाळेचा शिपाई सिदू दोन महिने घरी बसला. त्याच्या घोट्यातून नारू निघाला होता. आम्ही दोघे त्याला बघायला कुंभारीच्या पलीकडे त्याच्या गावी, थोरल्या वाडीला गेलो. तिथे घरटी एकजण तरी पाय पसरून बसलेला. सुतासारखा पांढरा किडा कातडीतून बाहेर आलेला, तो काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडायचा. शेजारच्या धाकट्या वाडीतही तीच कथा. दोन्हीकडे पायऱ्यांच्या विहिरी. माणसे पाण्यात उतरून घागरी भरत.

परत येताना टांग्यात कोर्टीकर म्हणाले, "आप्पा, दुखरा पाय पाण्यात बुडला की नारूच्या अळ्या पाण्यात सुटतात. एक बारीकसा पाणकिडा त्या खातो, आणि तो किडा माणसाच्या पोटात गेला की बरोबर वर्षाने नारू बाहेर. हे पुस्तकात आहे. पण तो पाणकिडा मासे खातात. विहिरीत मासे सोडले तर?"

"आणि मासे सोडेपर्यंत?"

"तोवर पाणी फडक्यातून गाळून प्यायचं. तेवढ्यानंही किडा अडतो. आमच्या घरी बहीण मालती पाणी गाळूनच भरते."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. फडक्याची गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, आणि त्या टांग्यातून उतरल्यापासून मलाही.

या वेळी त्यांनी अर्ज एकट्याने केला नाही. पुण्याच्या एका कॉलेजातले प्रोफेसर डबीर एका संशोधन-निधीच्या समितीवर होते. कोर्टीकर त्यांना भेटले. डबीरांनी मार्गदर्शक म्हणून सही द्यायचे कबूल केले. दोन्ही वाड्यांचे नकाशे, विहिरींचे उभे छेद, पाणकिड्याची मोठी आकृती, सारे मी काढले. जानेवारीत निधी मंजूर झाल्याचे पत्र आले. सोबत एक सूक्ष्मदर्शक आणि प्रवासखर्च. कोर्टीकरांनी ते पत्र हेडमास्तरांच्या टेबलावर नुसते ठेवले आणि उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्याइतका उंच माणूस मी शाळेत पाहिला नाही.

पत्रात एक अट होती. मासे एकाच विहिरीत सोडावेत. दुसरी जशी आहे तशी ठेवावी आणि त्या वस्तीला दुसरा कोणताही उपाय सुचवू नये. नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही.

कोर्टीकर पुन्हा पुण्याला गेले. आल्यावर डबीर काय म्हणाले ते त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले: "तुम्ही त्यांना रोग देत नाही आहात. शेकडो वर्षं आहे, तो फक्त मोजता आहात. एक वर्ष."

"आणि फडकं?" मी विचारले.

"तेही नाही. एक वर्ष, आप्पा. मग दोन्हीकडे सगळं सांगू." मग म्हणाले, "हे हातचं गेलं तर मला पुन्हा कोणी विचारणार नाही."

मी नोंदवहीला रेघा आखायला घेतल्या.

फाल्गुनात सीना नदीवरच्या भोयांकडून बोटाएवढे मासे आणून थोरल्या वाडीच्या विहिरीत सोडले. गावचे गौडा, म्हणजे पाटील, रेवणसिद्ध आधी बिथरले होते. पिण्याच्या पाण्यात मासे म्हणजे बाट, विटाळ. कोर्टीकरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून तो पाणकिडा दाखवला, तेव्हा ते मागे सरत म्हणाले, "ह्यापरीस मासं बरं की."

बातमी धाकट्या वाडीला त्याच दिवशी पोचली. आठवड्याने आम्ही तिथे नोंदी घ्यायला गेलो तर विहिरीच्या काठावर केराबाई वाट अडवून उभी. तिशीतली बाई, नवरा नाही, सासू आणि दोन पोरी पोसणारी. ज्वारी काढताना तिच्या एकटीच्या पातेची, म्हणजे ओळीची, बरोबरी दोन गड्यांना होत नसे असे लोक सांगत.

"मास्तर, थोरल्या वाडीत मासं सोडलं म्हनं. आमच्या हिरीत कदी?"

"पुढच्या साली, बाई."

"पुढच्या साली का? आमी काय पाप केलंय? मासं न्हाईत म्हनता, तर मी आनते की नदीवरनं."

"सरकारी नियम आहे."

सरकारचा यात काडीचा संबंध नव्हता. कोर्टीकर खोटे बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. केराबाईने घागर काखेला घेतली. "बरं. मग तवर आमी करावं तरी काय? कायतरी सांगा की."

कोर्टीकरांनी माझ्याकडे पाहिले. मग वहीत डोके घालून विचारले, "घरात माणसं किती?"

वर्ष गेले. १९३० चा उन्हाळा लागला आणि आकडे यायला लागले. थोरल्या वाडीत आदल्या साली एकेचाळीस जणांना नारू होता, यंदा तिघांना. धाकट्या वाडीत अडतीस होते, ते चाळीस झाले. कोर्टीकरांना झोप येईना इतका आनंद झाला. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. संचारबंदी, गोळीबार, कोणी घराबाहेर पडेना. सहा आठवडे आम्हाला वाड्यांवर जाता आले नाही आणि खेड्यातली गाडी शहरात यायला धजली नाही.

त्याच सहा आठवड्यांत केराबाईच्या गुडघ्यात नारू उतरला. काढणाऱ्याने ओढताना तुटला. गुडघा फुगला, पू धरला, ताप चढला. दवाखान्यात आणायला गाडी मिळाली तेव्हा आषाढ लागला होता. जीव वाचला, गुडघा ताठ झाला तो कायमचा.

हे आम्हाला शाळा सुरू झाल्यावर सिदूकडून कळले. कोर्टीकर लगेच गेले नाहीत. प्रबंध लिहायचा होता.

नाताळात पुण्याला परिषद भरली. कोर्टीकरांनी मलाही नेले. कुर्डुवाडीला गाडी तासभर थांबली तेव्हा फलाटावर फेऱ्या मारत ते इंग्रजी वाक्ये पाठ म्हणत होते. वाचन उत्तम झाले. माझे नकाशे भिंतीवर टांगले होते. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर उठले.

"दुसऱ्या वस्तीतल्या लोकांनी काही विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

कोर्टीकर हातातले कागद चाळायला लागले. डबीरच उठून म्हणाले, "काहीही सांगितलं नाही. म्हणून तर ही तुलना निर्दोष आहे." पुन्हा टाळ्या पडल्या. या खेपेला आधीपेक्षा मोठ्या. म्हातारे डॉक्टर खाली बसले.

चहाच्या वेळी डबीरांनी कोर्टीकरांच्या पाठीवर हात ठेवला. समिती खूश आहे, निधी आणखी दोन वर्षे वाढवतील. मांडणी मात्र अशीच ठेवायची. एका साली आकडा पटतो, तीन सालांत सिद्ध होतो.

कोर्टीकर "हो" म्हणाले. मी शेजारी उभा होतो. ते "हो" म्हणाले. परतीच्या गाडीत मात्र प्रबंधाचे कागद त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घालून टाकले. पुढच्या रविवारी पहाटेच माझे दार वाजवले. टांग्यात माशांचे दोन डेरे होते.

धाकट्या वाडीच्या विहिरीत त्यांनी मासे स्वतः सोडले, पायऱ्या उतरून, धोतर भिजेपर्यंत. लोक जमले. केराबाई वरच्या पायरीवर एक पाय लांब करून बसली होती. तिला आता खाली उतरता येत नव्हते. धाकटी पोरगी पाणी भरत होती. कोर्टीकर वर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या. मासे वाढेपर्यंत तेवढं पुरेल."

"फडक्यातनं?" केराबाई म्हणाली. "लुगड्याच्या फडक्यातनं?"

"हो."

"हे तुमाला आत्ता कळलं व्हय?"

खोटे बोलून सुटता आले असते. ते म्हणाले, "नाही. आधीपासून माहीत होतं."

केराबाई माझ्याकडे वळली. "आनि तुमाला, आप्पा?"

"मलाही."

तिने शिवी दिली असती तर बरे झाले असते. ती पोरीला म्हणाली, "चल गं, घागर उचल." पोरीच्या खांद्याला धरून ती उठली. ताठ पाय मातीत ओढत गेली. कोर्टीकर तिच्यामागे चार पावले गेले. ती थांबली नाही, तेव्हा तेही थांबले.

त्यांनी समितीला खरे ते कळवले. उत्तर पंधरा दिवसांत आले: अटीचा भंग झाल्याने साहाय्य बंद, सूक्ष्मदर्शक परत पाठवावा. पुढे प्रबंध छापून आला तो प्रोफेसर डबीरांच्या नावाने. खाली बारीक टाइपात स्थानिक साहाय्याबद्दल एका शाळाशिक्षकाचे आभार होते, नाव नव्हते. माझे नकाशे मात्र होते. हेडमास्तरांनी तो अंक शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवला. कोणी हसले नाही, आणि कोर्टीकरांना ते हसण्यापेक्षा जड गेले असावे.

धाकट्या वाडीचा नारू पुढे किती कमी झाला ते कोणी मोजले नाही. मोजायला निधी नव्हता. कोर्टीकर पुन्हा तिकडे गेले नाहीत. मी दोनदा चला म्हटले, दोन्ही वेळा पेपर तपासायचे निघाले.

१९३४ साली मला केराबाई शहरात भेटली. शेतात वाकता येईना म्हणून ती पोरींना घेऊन सोलापुरात आली होती आणि विड्यांच्या कारखान्यात तेलुगु बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून, पाय लांब करून विड्या वळत होती. मला तिने ओळखले. वाडीत आता नारू नाही, असे तिने आपणहून सांगितले. थोरलीचे लग्न झाले होते. मी विचारले, "कोर्टीकर मास्तरांना काही निरोप?"

तिचे हात थांबले नाहीत. पान कापले, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला. पुढची विडी घेतली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कोर्टीकरांना ती भेटल्याचे सांगितले. ते खडूची भुकटी झटकत होते. बराच वेळ झटकत राहिले. मग म्हणाले, "काय म्हणाली?"

"वाडीत नारू राहिला नाही म्हणाली."

"आणि?"

"आणखी काही नाही."

त्यांनी मान हलवली. घंटा झाली, आणि ते नववीच्या वर्गावर गेले.