उंबऱ्याबाहेरचे स्कीबूट

एपॉक्सी गोंदाचा वास आला की नव्वदच्या दशकातली ओमानमधल्या सीबची एक दुपार आठवते आणि अजूनही चिडचिड होते. बाबा अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या, फर्निचर कारखान्यात फोरमन होते. अर्बाब दुसऱ्या सकाळी स्वित्झर्लंडला निघणार होता. त्याच्या स्कीवर बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे खटके, बसवून दिले तरच बाबांना भारतात आत्याच्या लग्नासाठी रजा मिळणार होती.

आईने स्की घरात घेतल्या, बूट मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायला लावले. ड्रिलचा प्लग आत होता, त्यामुळे बूट स्कीवर ठेवून खुणा करता येईनात. बाबांनी बाहेर जाऊन दोरीने बूट मोजला, भोक किती खोल पाडायचे त्या खुणेसाठी ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळली आणि भोके पाडली. दोरी ताणली गेली होती. खटक्यांत बूट बसेना.

"नुसते ठेवायचे होते, घालून फिरायचं नव्हतं," बाबा म्हणाले.

"देवासमोर ठेवायचे?" आईने विचारले.

"देवाला बर्फाचं काय वावडं?"

चिडून बाबांनी भोकांत लाकडी खुंट्या एपॉक्सीने बसवल्या. त्या वाळल्यावर आईनेच वर्तमानपत्र अंथरले आणि बूट आत आणून स्कीवर ठेवले. "यल्ला, पाडा आता भोकं."

रजा एकट्या बाबांना मिळणार होती. आई आमच्यासोबत सीबलाच राहणार होती. ज्या लग्नाला ती जाणारच नव्हती त्यासाठी तिने बूट घरात आणले, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.