पाठीवर चेन असलेला राक्षस

द्वारकेत थंडी पडली, गरम पाण्याच्या पिशवीचा रबरी वास आला, की आईच्या शेवटच्या ऑपरेशनची आदली संध्याकाळ आठवते. तिने हसावं म्हणून दादाने जुन्या भिकार विज्ञानपटांची टर उडवणारा कार्यक्रम लावला होता. पृथ्वी जिंकायला आलेल्या रबरी सम्राटाच्या पाठीवर चक्क पोशाखाची चेन दिसत होती. निवेदक ओरडला, “शहंशाह, टेलर बदलिए!” आम्ही हसून लोळलो.

आई म्हणाली, “चेन मागे आहे रे. आतल्या माणसाने एकट्याने बाहेर कसं यायचं?”

“आई, तू पण ना यार!”

आमच्या चेहऱ्यांकडे पाहून ती हसली. “हसली, हसली!” दादा ओरडला. आम्हाला वाटलं, कार्यक्रम लागू पडला. आता वाटतं, आम्ही किती घाबरलोय हे तिला दिसलं होतं.