स्टेशनचा फोन शेतावर

पोचय्याच्या नाकावर राग असतो, हे रेड्डीकुंट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खांबाला कुणी म्हैस बांधली की तो म्हशीच्या मालकाला शिव्या घालतो. तारेवर आकडा टाकला की टाकणाऱ्याच्या सात पिढ्या काढतो. फ्यूज उडाला म्हणून कुणी स्वतःच काठी घेऊन ट्रान्सफॉर्मरकडे निघाला, तर तीच काठी हिसकावून त्याच्या पाठीत घालतो. लाइनमनच्या नोकरीला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्याने तारेवरून चार माणसं उतरवली, आणि चौघांतलं एकही जिवंत नव्हतं. मग त्याने चिडायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

लोक त्याला घाबरायचे, तरी मोबाइलचं काही अडलं की त्याच्याच ओट्यावर यायचे. विशेषतः फोन फॉरवर्ड करायचा असला की. ड्यूटी संपलेल्या लाइनमनला आपला नंबर पुढच्या माणसाकडे वळवावाच लागतो, नाहीतर मोटर बंद पडलेला प्रत्येक शेतकरी त्याला जेवू देत नाही. स्टार, एकवीस, स्टार, ज्याच्याकडे वळवायचा त्याचा नंबर, शेवटी हॅश, मग हिरवं बटण. काढायचं असलं तर हॅश हॅश एकवीस हॅश. बाकीचे यात हमखास घोटाळा करत. पोचय्या बटणांकडे न बघता करायचा, आणि करताना "एवढंही येत नाही, मग फोन कशाला बाळगता, बकऱ्या बाळगा," असं ऐकवायचा.

एक फोन मात्र कुणी कधी वळवायचा नाही, तो म्हणजे सबस्टेशनचा. खांबावर चढण्याआधी लाइनमन त्या फोनवर बोलतो. तिथला ऑपरेटर त्या फीडरची, म्हणजे स्टेशनातून निघालेल्या त्या लाइनची, वीज बंद करतो, स्विचवर 'माणसं कामावर' अशी पाटी टांगतो, वहीत नोंद करतो आणि नोंदीचा नंबर सांगतो. याला लाइन क्लिअर म्हणतात. त्या एका नंबराच्या भरवशावर माणूस अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात घालतो. म्हणून तो फोन टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून ठेवलेला असतो.

आणि तो फोन पोचय्यानेच वळवला होता. दसऱ्याच्या तोंडावर, बतुकम्मा सणाच्या दिवसांत त्याची धाकटी बहीण राजव्वा तापाने फणफणली. तिचा नवरा ओदेलू सबस्टेशनवर ऑपरेटर. बदली माणूस मिळेना, बायकोला करीमनगरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पोचय्याने स्टेशनचा फोन ओदेलूच्या खिशातल्या फोनवर लावून दिला.

"दोन तासांसाठी हां, बावा," पोचय्या मेहुण्याला म्हणाला होता; दोघे एकमेकांना बावाच म्हणत. "आल्या आल्या काढ."

"काढतो बावा. मल्लन्नाची आण."

राजव्वा बरी झाली. आण घेणाऱ्याने फॉरवर्ड काही काढलं नाही. घरी बसून, शेतात उभं राहून ड्यूटी करता येते, हे एकदा कळल्यावर कोण काढतो? लाइन क्लिअरचा फोन आला की ओदेलू स्टेशनच्या राखणदाराला, मोंडय्याला, फोन करायचा, "अमुक नंबर पाड." मोंडय्या त्या नंबरच्या स्विचचा दांडा ओढून वीज बंद करायचा. मोंडय्याचं सगळं शिक्षण म्हणजे फाटक उघडणं आणि फाटक लावणं. पोचय्यानेही पुन्हा कधी विचारलं नाही. बहिणीच्या नवऱ्यावर लक्ष काय ठेवायचं, असं त्याला वाटलं असेल. वाटलं असेल कशाला, वाटलंच.

जानेवारीत, उन्हाळी भाताच्या लावणीच्या ऐन धांदलीत, कुंट्याच्या, म्हणजे गावतळ्याच्या, बांधावरच्या खांबावर चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला. तीन नंबरचा फीडर. पोचय्याबरोबर लावण्या होती. पोस्टचं नाव ज्युनिअर लाइनमन, आणि त्या पोस्टवर आलेली तालुक्यातली ती एकटीच बाई. नोकरीला सात महिने झालेले, म्हणजे नोकरी अजून कच्ची. एक वाईट शेरा आला की घरी. भरतीच्या परीक्षेत ती सगळ्या पुरुषांआधी खांबावर चढून उतरली होती. पोचय्या तिला 'बिड्डा' म्हणायचा, म्हणजे लेकरा, आणि तिच्यावर इतरांपेक्षा थोडं कमी ओरडायचा. तारेला जमिनीशी जोडायची अर्थिंगची काठी तीन गावांत मिळून एकच, आणि ती त्या दिवशी दुसऱ्या टोळीकडे होती. हेही नेहमीचंच.

पोचय्याने फोन लावला. "बावा, तीन नंबर पाहिजे."

जरा वेळाने ओदेलूचा परत फोन आला. "पाडला बावा. पाटी टांगली. एकशे बारा नंबर लिहून घे."

"चढ बिड्डा," पोचय्या म्हणाला.

लावण्या पट्टा आवळून चढली. पोचय्याने बिडी काढली, आणि बिडी ओठात धरल्यावर त्याच्या कानात मघाचा फोन पुन्हा वाजायला लागला. सबस्टेशनवरून बोललं की मागे मोठ्या ट्रान्सफॉर्मरची घरघर असते. एकतीस वर्षं तो ती ऐकत आला होता. आज घरघर नव्हती. आज ओदेलूच्या मागे बायका लावणीची गाणी म्हणत होत्या.

त्याने मान वळवली. दोन शेतं पलीकडे चंद्रय्याचा पंप होता, याच तीन नंबरवरचा. पंपाच्या नळातून मांडीएवढं जाड पाणी भळाभळा पडत होतं.

"हात खाली!" पोचय्या ओरडला. असा ओरडला की बांधावरचे बगळे उडाले. "हात खाली घे! तार जिवंत आहे!"

लावण्याचा हात वर गेलेला होता. तारेपासून वीतभर. तिने तो छातीशी घेतला, खांबाला घट्ट मिठी मारली आणि तशीच थांबली. मग एक एक पाय सोडत खाली आली. पट्टा सोडला. पंपाच्या पाण्याकडे बघितलं. बांधावर बसून तिने सकाळची भाकरी आणि आंबाडीची भाजी ओकून टाकली.

पोचय्याने पुन्हा फोन लावला. "कुठं आहेस रे?"

"कुठं म्हणजे? स्टेशनात."

"स्टेशनात? आणि बायका गातायत त्या काय, ट्रान्सफॉर्मरची पाचवी पूजतायत?"

पलीकडे गाणं चालूच होतं.

"कुणाला सांगितलंस पाडायला? मोंडय्याला? अरे हरामखोरा, त्याने दुसराच कुठला तरी नंबर पाडलाय! पोरगी मेली असती माझी! जळून कोळसा झाला असता तिचा!"

फोन बंद झाला. पोचय्याने स्कूटर काढली. लावण्या म्हणाली, "मी नाही येत. मी साहेबांकडे चालले." आणि ती चालत निघाली.

ओदेलू आपल्या एकरभर चिखलात गुडघाभर उभा होता. पोचय्या चपलांसकट चिखलात उतरला आणि त्याने खाडकन एक थप्पड ठेवून दिली. लावणीच्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या.

"मार," ओदेलू गाल धरून म्हणाला. "मार बावा. पण लावून कुणी दिलं होतं? माझ्या बापाने? तुझ्याच बोटांनी लावलंस ना?"

"दोन तासांसाठी लावलं होतं!"

"मग आलास का एकदा तरी विचारायला? चार महिने तूही त्याच नंबरवर बोलतोयस. तुला आजच ऐकू यायला लागलं?"

पोचय्याचा दुसरा हात उठलेला होता. तो उठलेलाच राहिला. ओदेलूचं म्हणणं खोटं असतं तर त्याने त्याला चिखलात गाडला असता. ते खरं होतं, आणि त्याचाच संताप जास्त होता.

संध्याकाळी राजव्वा आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. उंबऱ्यातच बसली.

"अन्ना, त्यांची नोकरी गेली तर आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?"

"हे तुझ्या नवऱ्याला विचार."

"त्यांनी चुकी केली. मी कुठं नाही म्हणते? पण तुझी पोरगी वाचली ना? काही झालं नाही ना?"

"काही झालं नाही!" पोचय्या कडाडला. "काही झालं नाही म्हणून सोडून देऊ? झालं असतं मग आली असतीस का तिच्या आईकडे, असंच उंबऱ्यात बसायला?"

राजव्वा रडत नव्हती. म्हणाली, "मला दवाखान्यात न्यायलाच तू ते लावलंस, अन्ना. मग माझ्यावरच राग काढ. मीच मेले असते तर बरं होतं." आणि उठून गेली. पोचय्या ताटावर बसला आणि न जेवताच उठला. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर विद्यासागर साहेबांनी त्याला बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. साहेब म्हणजे गोड माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही, फक्त स्वतःच्या खुर्चीचं तेवढं बघणार.

"पोचय्या, काल स्टेशनच्या वहीत तीन नंबरच्या लाइन क्लिअरची नोंदच नाही. फोनमध्ये कॉलही आलेला दिसत नाही. म्हणजे मुलीने लाइन क्लिअर न घेता खांबावर पाय ठेवला. नवीन आहे, घाई झाली. तू खाली सही कर."

"कॉल दिसणार कसा? तो तिकडे वाजतच नाही. शेतात वाजतो."

साहेबांनी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला माहीत आहे रे. मी काय आंधळा आहे? पण हे लिहिलं तर स्टेशनची चौकशी लागेल. ओदेलू तुझ्या घरचा. फोन कुणी वळवला, हे विचारतील. तुझी निवृत्ती आठ महिन्यांवर आली, पेन्शनचे कागद निघालेत. ती पोरगी तरुण आहे, दुसरं काहीतरी बघेल."

पोचय्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोर सोडून संन्याशाला सुळी! वीतभर अंतराने वाचली ती, साहेब. वीतभर! आणि वर तुम्ही तिचीच नोकरी खाणार? दुसरं काय बघेल ती? तुमच्या घरी भांडी घासेल?"

"आवाज खाली."

"एकतीस वर्षं साहेबांपुढे आवाज खालीच होता, म्हणून तर चार माणसं खाली उतरवली. कोरा कागद द्या."

साहेबांनी दिला नाही. पोचय्याने शेजारच्या टेबलावरच्या वहीतून फाडून घेतला. त्याचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, पण त्याने लिहिलं. सबस्टेशनचा फोन मी वळवला. माझ्या हाताने. परत काढला की नाही, ते बघितलं नाही. ऑपरेटर ओदेलू शेतात होता, तिथून त्याने लाइन क्लिअर दिली, दांडा राखणदाराने ओढला, आणि चुकीचा ओढला. लावण्याने काही नियम मोडला नाही. खाली सही केली, पोचपावतीचा शिक्का स्वतः उचलून मारला, आणि शिपायाच्या टेबलावर एक नक्कल काढून घेतली.

बाहेर लावण्या पायरीवर उभी होती. बसली नव्हती. पोचय्याने नक्कल तिच्या हातात दिली. तिने ती शेवटपर्यंत वाचली. पोचय्या वाट बघत होता. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण एवढं केल्यावर पोरगी काहीतरी चांगलं बोलेल, असं त्याला वाटलं होतं.

"काका," ती म्हणाली, "कालपासून गावात तुम्ही सांगत होतात, मी 'हात खाली' ओरडलो म्हणून पोरगी वाचली."

"ओरडलो ना मी!"

"ओरडलात. त्याआधी 'चढ बिड्डा' कोण म्हणालं होतं?"

पोचय्याने तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"ते यात नाही," लावण्या म्हणाली. तिने कागद परत त्याच्या हातात ठेवला. "काठी नसताना, घरघर न ऐकता, चढ म्हणालात. मी तुमच्या शब्दावर चढले, ओदेलूच्या नाही. तेही लिहा."

तिचा आवाज चढला नव्हता. आत साहेब फोनवर कुणाला तरी हळूहळू समजावत होते.

पोचय्या मागे वळला, आत गेला, आणि साहेबांच्या समोरचं पेन उचलून म्हणाला, "तो कागद द्या इकडे. एक ओळ राहिली."