कैफियतीचा रकाना

बैहरला आमचं घर उन्हावर तापायचं. म्हणजे दक्षिणेची भिंत काळी रंगवलेली, तिच्यापुढे काच, आणि भिंतीला खाली-वर झरोके. मधली हवा तापली की वरच्या झरोक्यातून खोलीत यायची. साठ सालानंतर कधीतरी प्रयोग म्हणून हे घर बांधलं आणि कचेरीतला हंगामी कारकून म्हणून मला राहायला दिलं. काम एवढंच की सकाळ, दुपार, संध्याकाळ आतला-बाहेरचा पारा वहीत लिहायचा. चूल मागच्या छपरीत होती.

इंजिनियर साहेब बाहेरचे, हिंदी बोलणारे. वही देताना म्हणाले, "घर में आग जली तो लिखना पडेगा." आमच्या कचेरीत 'लिखना पडेगा' याचा एकच अर्थ होता. वर तक्रार जाणार आणि हंगामी माणूस घरी बसणार. शहाण्याला शब्दाचा मार. मी मुकाट मान डोलावली.

त्या हिवाळ्यात बायको बाळंत झाली, दिवस भरायच्या महिनाभर आधी. मुलगी झाली. ऊन होतं तोवर खोली उबदार असायची, मला त्या भिंतीचा अभिमानसुद्धा वाटायचा. मग पौषात आभाळ आलं ते चार दिवस हललं नाही. पारा रोज थोडा उतरत गेला आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो.

चौथ्या दिवशी आईने निखाऱ्यांनी भरलेली गोरसी दाराशी आणली.

"बाळंतिणीले शेक नाही, पोरीचे पाय गार पडून राह्यले. आत ठेवू दे."

"नाही माय. साहेब लिहीन. नोकरी जाईन."

"त लिहू दे नं त्याले."

मी गोरसी उचलून छपरीत नेऊन ठेवली. पोरीवर आणखी एक गोधडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर गेली. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दुपारी खोली माणसांनी भरली आणि पारा वर चढला. तोही मी लिहिला.

महिनाअखेरीला साहेब आले. वही चाळता चाळता त्या दुपारवर थांबले. "यहाँ कैसे बढ गया? आग जलाई थी?"

मी सांगितलं, आग नव्हती, पोर थंडीने गेली, लोक आले होते. साहेबांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर 'कैफियत', म्हणजे शेरा, असं छापलेलं, खाली सगळं कोरं. मी तो साहेबांचा रकाना समजत होतो.

"जला लेते," ते हळू म्हणाले. "बस इसमें लिख देते. मैं हिसाब में घटा लेता. मैंने कहा तो था, लिखना पडेगा."

मी "जी" म्हणालो.

बायको साहेबांसाठी पाणी घेऊन दारात उभी होती. ती हिंदी मुलखातली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.