गोल टोपीला मागचं दार

चाकांचा आवाज आला की गेर्व्हे काइयोचा उजवा हात आपसूक डोक्याकडे जायचा. जेवायला बसलेला असो की दाढी करत असो, गल्लीत घोडागाडी वळली की हात टोपीला. टोपी नसली तर नुसत्या टकलाला. त्याची बायको पेरीन म्हणायची, "लग्नात पाद्री मला विचारत होता आणि तुम्ही बाहेरच्या गाडीला सलाम ठोकत होतात. मी नक्की कुणाची बायको झाले, देव जाणे."

तीस वर्षं तो एका सरदाराच्या हवेलीवर दरवान होता. दरवानाचा कायदा त्याला एकच ठाऊक. तीन कोनांची टोपी आली की आपली टोपी उतरवायची आणि पुढचं दार उघडायचं. गोल टोपी म्हणजे चाकर माणूस. त्याला मान हलवून मागचं दार दाखवायचं. चेहरा बघायचाच नाही. चेहरे फसवतात, असं तो म्हणे. सरदार दोन वर्षांपूर्वी चांदीची भांडी घेऊन परदेशी पळाला होता, तरी गेर्व्हे रोज त्या रिकाम्या हवेलीच्या दारात उभा राहायचा.

पेरीनचं पोट टोप्यांवर. जुन्या टोप्या वाफवायच्या, लाकडी साच्यावर ताणायच्या, ब्रशने घासून नव्या करायच्या. तुरुंगाचा तो जुना किल्ला लोकांनी पाडला त्या उन्हाळ्यात साऱ्या पॅरिसला टोपीवर क्रांतीचं तिरंगी फितीचं फूल हवं झालं. शिवून शिवून पेरीनची बोटं सुजली. मग ऑक्टोबरात पाव मिळेना, तेव्हा बाजारातल्या बाया भर पावसात व्हर्सायला निघाल्या, त्यांत तीही. सहा तासांची पायपीट करून त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला, राणीला, पोराबाळांसकट शहरात घेऊन आल्या. चिखलाने माखलेली पेरीन गाडीच्या मागून गल्लीच्या तोंडाशी पोचली, तर तिचा नवरा भिजत उभा. टोपी हातात, मान खाली.

"आम्ही त्याला ओढत आणला," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यालाच सलाम करता?"

"तू आणलास तो पाहुणा," गेर्व्हे म्हणाला. "मी दरवान."

त्या गोष्टीला आता वीस महिने झाले होते. जूनच्या त्या आठवड्यात राजा कुटुंबासकट पळाला आणि सरहद्दीच्या अलीकडे पकडला गेला. शनिवारी सकाळी शेजारची भाजीवाली उर्स्यूल दारातूनच ओरडत आली.

"काइयोबाई, आज संध्याकाळी आणतायत त्याला. आणि ऐकलंत का, पळाला तो चाकर बनून. चाकराचा कोट, चाकराची टोपी."

"बाजारगप्पा," आतून गेर्व्हे म्हणाला. "राजा आणि चाकराची टोपी? उद्या म्हणशील, घोडे गाडीत बसले होते आणि राजा ओढत होता."

"भाऊजी, तसंही झालं असेल. फार दूर पोचला नाही, यावरून वाटतं."

मग उर्स्यूलने भिंतीवरच्या फलकाचं सांगितलं. राजाचा जयजयकार करील त्याला फटके. राजाला शिवी देईल त्याला फास. आणि टोपी म्हणे कुणीच उतरवायची नाही.

"नुसतं बघायचं," उर्स्यूल म्हणाली. "मला तर तोंड शिवून घ्यावं लागेल."

ती हसत गेली, पण पेरीनच्या हातातला ब्रश थांबला. तिची नजर नवऱ्याच्या उजव्या हाताकडे गेली.

"आज घरीच बसा," ती म्हणाली.

"तीस वर्षांत एक गाडी चुकवली नाही मी."

"अहो, वाटेत एका सरदाराने त्या गाडीला नुसता सलाम केला. शेतकऱ्यांनी त्याला शेतातच मारून टाकलं."

"तो सरदार होता."

"हात तुमच्यासारखाच होता त्याचा."

नवरा ऐकणार नाही, हे पेरीनला ठाऊक होतं. दुपारी तो डुलकी काढत असताना तिने त्याच्या टोपीला आतून मजबूत नाडी शिवली, हनुवटीखाली गाठ मारायला. जागा झाल्यावर त्याने टोपी उचलली आणि नाडी लोंबली.

"ही काय कुंची शिवलीस? मी काय दूधपितं पोर आहे?"

"पोराला कळतं तरी, आगीत हात घालू नये."

त्याने नाडी दातांनी तोडली. "मी ठरवून काही करणार नाही गं," तो जरा मऊ आवाजात म्हणाला. "पण हात माझं ऐकत नाही. तुला माहीत आहे."

"म्हणूनच तर मी येतेय."

राजवाड्याच्या बागेपाशी इतकी माणसं होती की झाडांच्या फांद्याही वाकल्या होत्या. ऊन उतरलं होतं, धूळ मात्र खाली बसत नव्हती. पेरीनने नवऱ्याचा उजवा दंड दोन्ही हातांनी कवटाळला होता. सगळ्यांच्या डोक्यांवर टोप्या. ज्यांच्याकडे टोपी नव्हती त्यांनी रुमाल बांधले होते. पुढे एका आचाऱ्याने भांडी पुसायचं मळकं फडकं डोक्यावर घेतलं होतं, आणि कुणीही हसत नव्हतं.

आधी शिपाई आले. दुतर्फा उभे राहून त्यांनी बंदुका उलट्या धरल्या, दस्ता वर, जशा प्रेतयात्रेत धरतात. मग चाकं ऐकू आली. हजारो माणसं होती तरी गाडी दिसायच्या आधी चाकं ऐकू आली, खड्यांवरून करकरत, फार लांबून. तोफा पेरीनने ऐकल्या होत्या, पण एवढ्या माणसांचं न बोलणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

आणि तिच्या मुठीतला दंड ताठ झाला.

"अहो, नको," ती ओठांतच म्हणाली. तिने सगळा भार टाकला, तरी हात वर चालला, तिलाच सोबत उचलत, पाण्यातून मोठा मासा यावा तसा. डावीकडच्या दाढीवाल्याने मान वळवली. त्याच्या हातात सोटा होता. गेर्व्हे हात खाली ओढत होता आणि हात वर जात होता. छातीपर्यंत आला. हनुवटीपर्यंत.

गाडी समोर आली. काचांवर धुळीचा थर. आतला चेहरा काही दिसेना, पण टोपी दिसली. पेरीनचा धंदाच तो. एका नजरेत तिने ओळखलं. साधी, दाबलेल्या लोकरीची, ना किनार ना पीस. गोल.

हात थांबला.

तिने थांबवला नव्हता. तिची पकड तर सुटत आली होती. बोटं टोपीच्या काठापासून चार अंगुळांवर उघडी राहिली, क्षणभर, आणि मग हात आपणच खाली आला. गेर्व्हेची मान किंचित हलली. पेरीनला ती हालचाल चांगली ठाऊक होती. मागचं दार तिकडे.

गाडी गेली. सोटेवाला पुन्हा पुढे बघू लागला. परतीच्या वाटेवरही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. गेर्व्हे आपला हात चेहऱ्यासमोर धरून चालत होता, जणू कुणीतरी तो सांभाळायला दिला होता.

"मी नाही थांबवला," अखेर तो म्हणाला. "त्यानेच बघितलं आणि तोच थांबला."

"मी बघत होते."

"उर्स्यूल खरं सांगत होती म्हणजे."

"हो."

पुलावर आल्यावर तो म्हणाला, "पेरीन, मला भीती वाटतेय." तिने त्याचा तोच हात पुन्हा धरला, या वेळी नुसताच.

सोमवारी तो हवेलीवर गेला नाही. वाफेच्या भांड्याखालच्या शेगडीत कोळसा घालू लागला.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोक राजवाड्यात घुसले. तोफांनी गल्लीतल्या काचा थरथरल्या. सप्टेंबरात एका दुपारी ताशा वाजवत दवंडी फिरली की आता राजा नाही, कुणीच राजा नाही. उर्स्यूल धापा टाकत आली.

"काइयोबाई, ऐकलंत का? संपलं सगळं."

पेरीन साच्यावर एक टोपी ताणत होती. "बस जरा," ती म्हणाली. "सूप घे."

बाहेर एक गाडी गल्लीत वळली. चाकं खडखडली. पेरीनने जुन्या सवयीने नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातात पावाचा तुकडा होता. तो सुपात बुडला, निथळला, आणि सरळ तोंडात गेला.