मैदानामागची गल्ली

आमचं घर अमरावतीत फुटबॉलच्या मैदानामागच्या गल्लीत आहे. मैदानाचं मागचं फाटक आमच्या गॅलरीतून दिसतं. हिवाळ्यात तिथे स्पर्धा भरते, आणि सामन्याच्या दिवशी दुपारपासून गल्लीत गाड्या लागायला सुरुवात होते. आधी भिंतीला लागून एक रांग, मग तिला चिकटून दुसरी, आणि सामना सुरू होईस्तोवर आमच्या गेटसमोरसुद्धा पाय ठेवायला जागा उरत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हे असंच. मी कुरकुर करायची. सासूबाई मात्र खुर्ची टाकून गॅलरीत बसायच्या. खेळातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण गर्दी आवडायची.

गेल्या हिवाळ्यात सामन्याच्या एका रविवारी माझे मिस्टर घरी नव्हते. त्यांची नोकरी अकोल्याला, आणि ऑफिसच्या कामासाठी त्यांना सुट्टीच्या दिवशीही जावं लागलं होतं. मी शाळेचे पेपर तपासत होते. गॅलरीतून आईंचा आवाज आला, "सूनबाई, मले दम लागून राह्यला व." मी धावत गेले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ काळसर पडले होते. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती लवकर आली, पण चौकापर्यंतच. पुढे गल्लीत एवढ्या गाड्या लागलेल्या की ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं, "मॅडम, आत येताच येत नाही. पेशंटले चौकात आना."

मी गॅलरीतून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. फाटकाजवळ उभी असलेली माणसं सामना सोडून वर आली. त्यांनी आईंना खुर्चीसकट उचललं आणि जिना उतरवला. पुढे गाड्यांची भिंत. तेव्हा एक माणूस आपल्या स्कूटरवर बसला. पन्नाशी उलटलेला, एक पाय वाळलेला, आणि स्कूटरला मागे दोन जादा चाकं जोडलेली. हॉर्न दाबत, शिव्या हासडत तो पुढे निघाला. "सरका बे! माय हाय मागं, दिसत नाई काय?" पोरं पटापट गाड्या उचलून बाजूला ठेवत होती. त्या स्कूटरच्या मागे खुर्ची, खुर्चीच्या मागे मी. आम्ही चौकात पोचलो. अॅम्ब्युलन्सचं दार लागताना तो मला म्हणाला, "घाबरू नका, ताई. काई होत नाई मायले."

आई वाचल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आई घरी आल्या आणि मी पोलिसांकडे देण्यासाठी अर्ज लिहिला. अॅम्ब्युलन्स आत येऊ शकली नाही, हे लिहिलं. बेशिस्त पार्किंगमुळे एका वृद्धेचा जीव जाता जाता राहिला, हेही लिहिलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्यांनी गाड्या लावल्या होत्या त्याच माणसांनी आईंना उचलून नेलं, हे मात्र लिहिलं नाही. लिहावं असं मनात आलं होतं. पण त्यानं अर्ज कच्चा पडेल असं वाटलं.

अर्जाचा उपयोग झाला. पुढच्या सामन्यापासून गल्लीच्या दोन्ही टोकांना बॅरिकेड लागले. गाड्या चौकापलीकडच्या शाळेच्या पटांगणात लावायच्या आणि तिथून चालत यायचं. आत फक्त राहणाऱ्यांच्या गाड्या. गल्ली मोकळी झाली. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुम्ही होत्या म्हणून झालं बरं का हे." मला बरं वाटलं. आई गॅलरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लोकं कमी दिसून राह्यले आज." मी म्हटलं, "गाड्या कमी आहेत, आई. लोक तेवढेच आहेत."

काही सामने असेच गेले. मग एका दुपारी मी गाडीवरून भाजी घेऊन परत येत होते. बॅरिकेडपाशी हुज्जत चालली होती. तीच स्कूटर, तोच माणूस. ट्रॅफिकचा हवालदार त्याला परत पाठवत होता.

"साहेब, शाळेपासून मले चालता येत नाई. माहा पाय पाहा ना."

"मी काय करू? ऑर्डर आहे."

"मी वलगावहून येतो. पोरपणापासून येतो या ग्राउंडवर. आतापर्यंत कोनी अडवलं नाई."

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "ह्या ताई वळखतात मले. ताई, माय कशी हाय? बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

"पाहा साहेब. ताई, तुमीच सांगा यायले. त्या दिवशी मीच रस्ता मोकळा केलता का नाई?"

मी तोंड उघडायच्या आत हवालदार वैतागून बोलला, "अहो काका, माझ्यावर काय चिडता? अर्ज या मॅडमनीच केला होता. त्यांनाच विचारा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं: अॅम्ब्युलन्स, डॉक्टर, उशीर. पण तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, "मी आडवा आलतो काय, ताई, त्या दिवशी?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही नाही."

त्यानं मान हलवली, स्कूटर वळवली आणि गेला. मैदानातून शिट्टी ऐकू आली, सामना सुरू झाला होता. हवालदारानं माझ्यासाठी बॅरिकेड सरकवलं, आणि मी माझी गाडी घेऊन आत गेले.

संध्याकाळी मी आईंना सांगितलं. न सांगता राहवलं नसतं. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. हात थांबले. "म्हंजे ज्यायनं मले उचललं, त्यायचीच तक्रार केली तू?"

"आई, तुमच्यासाठीच केली."

"माह्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मले काहून नाई सांगतलं मंग?"

मी सह्यांसाठी गल्लीत घरोघर फिरले होते, फक्त माझ्याच घरात विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ठाण्यात गेले. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या गाड्या फाटकापर्यंत सोडा, म्हणून सांगितलं. साहेब कंटाळलेले होते. "मॅडम, तुम्हीच म्हणाल्या गाड्या नको, आता तुम्हीच म्हणता सोडा. एकाला सोडलं की दहा जण येतात." मी तिथेच बसून राहिले. शेवटी ते म्हणाले, अपंगांच्या गाड्यांपुरतं बघतो. पुढच्या सामन्याला फाटकाशेजारी भिंतीलगत चुन्यानं चौकोन आखलेला दिसला. तीन स्कूटर मावतील एवढा. त्या दिवशी तो रिकामाच राहिला. त्याच्या पुढच्या सामन्यालाही.

आईंनीच विषय काढला. "वलगावले जाऊ." मिस्टर म्हणाले, तुझी तब्येत बरी नाही, कशाला? पण त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत. एका रविवारी आम्ही तिघं गाडीनं निघालो. गावात स्कूटरचं वर्णन केल्यावर पहिल्याच पानठेल्यावर घर सांगितलं. तो अंगणात बसून तुरीच्या शेंगा निवडत होता. आईंना पाहून धडपडत उठायला लागला. आईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि स्वतः शेजारच्या खाटेवर टेकल्या. त्याच्या बायकोनं चहा केला. आई आणि तो बराच वेळ बोलत होते. तो आधी गोलकीपर होता, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाय आला, हे मला तिथे कळलं. आईंनी विचारलं म्हणून कळलं.

निघायच्या वेळी मी म्हटलं, "आता फाटकापर्यंत गाडी येऊ देतात. मी बोलले आहे त्यांच्याशी. माझं चुकलं."

त्यानं माझ्याकडे न बघता शेंगा सुपात ओढल्या. "चुकलं असं नाई. माय अडकली होती, तुमी भेल्या. पन मले एक डाव सांगतलं असतं तं मी गाडी दुसरीकडं लावली असती, ताई. पोरायलेबी सांगतलं असतं. आमाले काय मालूम नाई का, घरात बिमार मानूस असते म्हनून?"

गाडीत आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसल्या.

या हिवाळ्यात तो पुन्हा यायला लागला. चौकोनात स्कूटर लावतो, वर पाहतो आणि हात करतो. तो हात आईंना असतो. आई ओरडून विचारतात, "जेवला का रे?" आणि तो खालून काहीतरी ओरडतो. मी दिसले तर मान हलवतो. वाकडं काही नाही त्यात, पण "ताई" अशी हाक त्यानं परत मारली नाही.

गल्ली आता मोकळी असते. परवा पलीकडच्या घरी अॅम्ब्युलन्स आली, ती थेट दारापर्यंत गेली. अर्ज केला नसता तर गेली नसती, हे मला ठाऊक आहे, आणि तसं मी स्वतःला सांगतेही. पण सामन्याच्या दिवशी शाळेच्या पटांगणाकडून लोक चालत येतात. त्यात दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी माणसं असतात. त्यांच्याकडे अपंगांचं कार्ड नाही, म्हणून त्यांना चौकोनात जागा नाही. एक आजोबा दर सामन्याला आमच्या गेटाच्या ओट्यावर टेकतात, दम घेतात आणि मग फाटकाकडे जातात. काल मी त्यांना पाणी नेऊन दिलं. ते म्हणाले, "हे बॅरिकेड कोनं लावलं कोनास ठाऊक, लई तरास झाला पोरी." मी ग्लास हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं लावायला, आजोबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरची शेजारची जागा हातानं थोपटली आणि म्हणाले, "मंग बस थोडी." मी बसले. आत सामना सुरू झाला तरी ते उठले नाहीत, आणि मलाही उठवेना.