बाबांच्या ग्लासाचं घनफळ

डॉक्टरांनी बाबांना दिवसाला एकच लिटर पाणी सांगितलं, तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. बाबांचं हृदय अशक्त झालं होतं. पाणी जास्त झालं की पाय सुजायचे आणि धाप लागायची. फ्रीगंजच्या दवाखान्यातून माधव नगरला घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे एक लिटर मोजायचं कसं. मे महिना, उज्जैनचं ऊन, आणि बाबा असे की बाहेरून आल्यावर माठाजवळ उभ्या उभ्या दोन ग्लास रिचवणार.

दुसऱ्या कुणी सरळ मापाचं भांडं आणलं असतं. पण आमचं घर पडलं गणिताचं. बाबांनी आयुष्यभर सरकारी शाळेत हिंदीतून गणित शिकवलं. ‘बेलन का आयतन’ मी त्यांच्याकडूनच शिकले. मराठीत त्याला वृत्तचितीचं घनफळ म्हणतात हे फार उशिरा कळलं. आता मी बँकेत असले तरी गणिताचा तोरा काही उतरलेला नाही. चपलाही न काढता मी पट्टी घेतली आणि बाबांचा स्टीलचा ग्लास मोजला. तोंडाचा व्यास सात सेंटिमीटर, उंची आठ. त्रिज्या साडेतीन, तिचा वर्ग, गुणिले बावीस सप्तमांश, गुणिले आठ. उत्तर तीनशे आठ मिलीलिटर. म्हणजे दिवसाला तीन ग्लास, आणि उरलेले घोट गोळ्यांबरोबर. कागदावर लिहून ते फ्रिजवर चिकटवलं आणि स्वतःवरच खूश झाले.

बाबांनी ग्लास हातात फिरवून पाहिला. “बेटा, हा बेलन नाही. खाली निमुळता आहे. छिन्नक का सूत्र लगेगा.” छिन्नक म्हणजे टोक कापलेला शंकू.

“उन्नीस-बीसचा फरक असेल, बाबा.”

“जास्त असतो.”

मी मनावर घेतलं नाही. दवाखान्यात त्यांनी बर्फ चालेल का, मोसंबी चालेल का, ताक पाण्यात धरायचं का, अशी घासाघीस केली होती. मला वाटलं, ही त्यातलीच. “सूत्र नाही, तुमची तहान बोलतेय,” मी म्हणाले, तेही आवाज चढवून. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढचे चौदा दिवस मी एका जागी बसले नाही. बँकेतून दर तासाला आईला फोन करून विचारायची, कितवा ग्लास झाला? रोज सकाळी बाबांना वजनकाट्यावर उभं करायची आणि काटा खाली गेला की मला बरं वाटायचं. टावर चौकात उसाच्या रसाची गाडी दिसली की मान फिरवायची, कारण ते पीत नाहीत तर मी कशी पिऊ. घरात पाणी प्यायचं तर स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून. बाबा ओला नॅपकिन ओठांवर धरून बसत. ते चूळ भरायला गेले की मी दाराबाहेर थांबून कान देई, पाणी थुंकतायत की गिळतायत. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी तसं केलं.

पंधराव्या दिवशी रविवार होता. सकाळी आईने मला ओट्याजवळ बोलावलं. बाबांच्या ग्लासासारखेच, त्याच सेटमधले दोन ग्लास तिने मांडले होते. दोन्ही दुधाने काठोकाठ भरलेले, आणि तिच्या हातातल्या थैलीत अजून थोडं दूध होतं.

“थैली अर्ध्या लिटरची आहे,” ती म्हणाली. “तुझ्या हिशेबाने दुसरा ग्लास भरायलाच नको होता. मला तुमचं गणित येत नाही, म्हणून ओतून बघितलं.”

मी कागद घेऊन बसले. तळाचा व्यास पाच सेंटिमीटर. छिन्नकाचं सूत्र लावलं तर उत्तर आलं दोनशे अठ्ठावीस. एका लिटरमध्ये तीन नाही, चार ग्लास बसत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे रिकामा ग्लास बाबांचा होता, रोज एक. मी डॉक्टरांना फोन लावला आणि वेड्यासारखं विचारलं, मागचे चौदा ग्लास थोडे थोडे करून देता येतील का?

“पुराना हिसाब मत जोड़िए,” ते म्हणाले. “आज का एक लीटर, बस.”

संध्याकाळी बाबांचा तिसरा ग्लास संपल्यावर मी चौथा भरून नेला आणि सगळं सांगितलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती, आणि ती निघाली त्यांच्यावरच. “इतकी वर्षं हेच शिकवलंत ना तुम्ही? मग मला दटावून का नाही सांगितलं?”

“पहिल्या दिवशी खात्री होती,” बाबा म्हणाले. “मग तू म्हणालीस, तहान बोलतेय. तीन-चार दिवसांनी मलाच वाटायला लागलं, आपल्याला पाणी हवंय म्हणूनच हे सूत्र आठवतंय.”

त्यांनी ग्लास घेतला, पण तसाच हातात धरून ठेवला.

“चार ना? पक्कं?”

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी तो ओठाला लावला नाही.